अठ्ठावन्न मिलिमीटरचा रस्ता

लखनौहून कानपूरकडे निघालं की शहर विरळ होत जातं आणि अमौसी विमानतळाच्या बाजूला सरोजिनीनगर लागतं. स्कूटर्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा कारखाना इथला. कंपनी स्थापन झाली १९७२ साली आणि उत्पादन सुरू झालं १९७५ मध्ये. घरच्या बाजारात तिची स्कूटर ‘विजय’ या नावाने विकली जाई, परदेशात ‘लॅम्ब्रेटा’ म्हणून. १९९७ मध्ये दुचाकी थांबली. उत्तर भारतातल्या रस्त्यांवर खचाखच भरून धावणारी ‘विक्रम’ तीनचाकी त्यानंतरही बनत राहिली. २०२१ साली सरकारने कंपनीच बंद करायचं ठरवलं.

लखनौचं आणि वेगाचं नातं मराठी वाचकाला चटकन सुचणार नाही. त्या शहराची ख्याती ‘पहले आप’ची. पण जुन्या गाडीला सरळ रस्त्यावर जास्तीत जास्त पळवायचं, हा ज्यांचा नाद आहे, त्यांच्यासाठी सरोजिनीनगर हे महत्त्वाचं ठिकाण आहे. कारण तिथे एका जुन्या इंजिनाची मापं जिवंत राहिली.

लॅम्ब्रेटा मूळची मिलानची. फर्दिनांदो इनोचेंती यांचा पोलादी नळ्यांचा कारखाना लांब्राते भागात होता. स्कूटरचं नाव तिथूनच आलं. १९४७ साली पहिली लॅम्ब्रेटा बाहेर पडली. तिच्या सिलिंडरचा व्यास होता ५२ मिलिमीटर आणि पिस्टनची वरखाली होण्याची चाल ५८ मिलिमीटर. पुढे सिलिंडरचा व्यास वाढत गेला, १५० सीसीला ५७ झाला, २०० सीसीला ६६ झाला. पण मोठ्या लॅम्ब्रेटांची ५८ मिलिमीटरची चाल तशीच राहिली. १९७१ मध्ये इटलीतलं उत्पादन थांबलं. इनोचेंतीची मोटारींची बाजू ब्रिटिश लेलँडने घेतली आणि स्कूटरची यंत्रं, साचे, नकाशे आणि नाव भारत सरकारने विकत घेऊन लखनौला आणलं. म्हणजे नुसता परवाना आला नाही, भाग ज्या साच्यांत आणि पकडींत बनत ते सगळं आलं. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९५० च्या दशकापासून लॅम्ब्रेटा बांधली होतीच, त्यामुळे आपल्याकडच्या कारागिरांच्या हाताला हे इंजिन नवं नव्हतं. लखनौच्या गाड्या आणि भाग ब्रिटनलाही गेले आणि तिथल्या स्कूटरवेड्यांनी त्यांवर आपले प्रयोग केले.

असं एखादं जुनं लखनवी इंजिन सरळ रेषेतल्या वेगासाठी बांधायचं तर काय काय करावं लागतं, ते आता पायरीपायरीने पाहू.

वेग कोण अडवतं?

या खेळात वळणं नसतात आणि शेजारून घासत जाणारा प्रतिस्पर्धीही नसतो. मोजलेलं एक अंतर असतं, बहुधा एक किलोमीटर किंवा एक मैल. गाडी आधीच वेग घेऊन त्या अंतरात शिरते आणि तेवढं अंतर कापायला लागलेला वेळ मोजला जातो. मग ठरलेल्या मुदतीत उलट दिशेनेही धावायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचं श्रेय गाडीला मिळत नाही.

या खेळातल्या गाजलेल्या गोष्टी ब्रिटिश मोटारसायकलींच्या आहेत. १९४८ साली अमेरिकेत युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर रॉली फ्री हा स्वार १,००० सीसीची व्हिन्सेंट घेऊन उतरला. आधीच्या धावेत दीडशे मैलांचा आकडा थोडक्यात हुकला होता. त्याने चामड्याचे कपडे काढले आणि फक्त पोहण्याच्या चड्डीवर, पाय मागे सोडून, गाडीवर पालथा पडला. वेग लागला तासाला १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर. १९५६ मध्ये त्याच मिठावर जॉनी ॲलनने ६५० सीसी ट्रायम्फचं इंजिन बसवलेल्या सिगारसारख्या गाडीत २१४ मैल गाठले. आंतरराष्ट्रीय संघटनेने तो विक्रम मान्य केला नाही, पण ट्रायम्फने १९५९ च्या आपल्या नव्या गाडीला ‘बॉनव्हिल’ हेच नाव दिलं.

फ्रीच्या चड्डीत या खेळाचं निम्मं गणित आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट लागते. ढोबळ हिशोब करू. ताठ बसलेला स्वार आणि स्कूटरचं रुंद नाक यांना ताशी ८० किलोमीटरला फक्त हवा कापायला साधारण सव्वापाच अश्वशक्ती लागते. ती १५० सीसी लॅम्ब्रेटाकडे आहे. त्याच बैठकीत १६० हवे असतील तर ४२ लागतील. त्या तिच्याकडे नाहीत आणि कितीही कातकाम केलं तरी येणार नाहीत. स्वार पालथा झाला, हँडल खाली आलं, पुढचं चाक झाकलं, तर हीच मागणी निम्म्यावर येते.

लॅम्ब्रेटानेच हे एकदा दाखवून दिलं होतं. १९५१ च्या फेब्रुवारीत दीनो माझोनचिनीने टॉर्पेडोच्या आकाराच्या व्हेस्पावर ताशी १७१ किलोमीटर गाठले. त्याच वर्षी रोमोलो फेरीने म्युनिक ते इंगोलश्टाट या जर्मन महामार्गावर १२५ सीसीची लॅम्ब्रेटा २०१ पर्यंत नेली. इंजिनाला हवा कोंबणारा कॉम्प्रेसर होता आणि वरून पूर्ण बंदिस्त कवच. एवढ्या वेगाला ताठ बसलेल्या स्वारासाठी ८० च्या वर अश्वशक्ती लागली असती. नीट घडवलेल्या कवचात तेच काम १४ च्या आसपास भागतं. म्हणून या खेळातला शहाणा माणूस आधी पत्र्याला हात घालतो आणि मग इंजिनाला.

क्रँक: दोन व्ही-ब्लॉक आणि एक डायल

इंजिन खोललं की टेबलावर जुने, तेलकट भाग पसरतात. पहिलं काम मोजण्याचं. लखनौच्या गल्लीत लेथच्या दुकानाला ‘खराद’ म्हणतात. आपल्याकडे लाकूड कातणारा तो कातारी, आणि लोखंड कातणारा टर्नर. नाव कोणतंही असो, चांगला कारागीर पहिल्या दिवशी काही कापत नाही. तो मोजतो आणि खडूने फळीवर लिहितो.

लॅम्ब्रेटाचा क्रँक अखंड नसतो. दोन जाड चकत्या आणि त्यांना जोडणारी खीळ असे तुकडे दाबयंत्रावर एकमेकांत दाबून तो बनतो. खिळीभोवती कनेक्टिंग रॉड फिरतो. दाबून बसवलेली वस्तू वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी किंचित फिरते, आणि मग दोन्ही बाजूंचे दांडे एका रेषेत राहत नाहीत.

ते पाहायची रीत अशी. क्रँकचे दोन्ही दांडे दोन व्ही-ब्लॉकवर टेकवायचे, किंवा लेथच्या दोन सेंटरांत धरायचा. दांड्यावर डायल गेजची सुई टेकवायची, डायल शून्यावर आणायचा आणि क्रँक हाताने हळू फिरवायचा. सुई उजवीकडे सरकते, परत येते, डावीकडे जाते. रोजच्या गाडीत पाच-सहा शतांश मिलिमीटरचा डोल चालून जातो. वेगाच्या इंजिनात तो दोन-तीन शतांशांवर आणायचा असतो. मग जिथे सुई सर्वांत वर जाते तिथे खडूची खूण करायची, क्रँक हातात धरायचा आणि तांब्याच्या हातोडीने चकतीच्या कडेवर एकच नेमका टोला द्यायचा. पुन्हा व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, पुन्हा फिरवायचा. कधी चार टोल्यांत जमतं, कधी सकाळची दुपार होते. जोर वाढवून हे काम होत नाही. टोला कुठे बसला, यावर ते होतं. रेषा जुळली की खिळीची दोन्ही टोकं वेल्डिंगने बांधतात, कारण पुढच्या धक्क्यांत ती पुन्हा फिरायला नको.

एवढा आटापिटा कशासाठी, ते आकड्यांत पाहू. पिस्टन, त्याची पिन आणि रिंगा मिळून २०० ग्रॅम धरा. रॉडची लांबी १०७ मिलिमीटर. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा त्याला थांबवून उलटा फिरवायचा असतो. मिनिटाला ५,००० फेऱ्या असताना यासाठी रॉडला सुमारे दोन क्विंटलांची ओढ सोसावी लागते. ८,००० फेऱ्यांना तीच ओढ सव्वापाच क्विंटल होते. पावशेराहून हलकी वस्तू दर सेकंदाला १३३ वेळा पाच पोत्यांच्या जोराने ओढते. अशा वेळी दोन शतांशांचा डोलही बेअरिंगला जाणवतो.

बोअर: लोखंड आणि ॲल्युमिनियमचा संसार

विजयच्या सिलिंडरचा बॅरल ओतीव लोखंडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. दोघांचा स्वभाव वेगळा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुपटीने फुगतं. ५७ मिलिमीटरच्या पिस्टनचा माथा २०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास जवळपास पाव मिलिमीटर वाढतो. बॅरल १०० अंशांनी तापला तर तो जेमतेम सहा शतांश रुंदावतो. जागा आधीच ठेवली नाही तर पिस्टन बॅरलमध्ये अडकतो. त्यालाच आपण ‘इंजिन जाम झालं’ म्हणतो.

म्हणून पिस्टन कधी सरळ डब्यासारखा कातलेला नसतो. त्याचा माथा खालच्या घेरापेक्षा लहान असतो, आणि खालचा घेरही नेमका गोल नसून किंचित लंबगोल असतो. पिनेच्या बाजूला धातू जास्त असल्यामुळे तिथे तो जास्त फुगतो, म्हणून तिथेच आधी कमी ठेवतात. थंड पिस्टन वाकडा असतो तेव्हा कुठे तो तापून सरळ होतो.

बोअर काढताना आधी हातात प्रत्यक्ष पिस्टन हवा. ‘५७ चा बोअर काढून ठेवा, पिस्टन नंतर आणतो’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला जाणता मिस्त्री परत पाठवतो. पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा, त्यात केसाच्या जाडीएवढी फट मिळवायची आणि त्या मापाला बोअर न्यायचा. शेवटचे दोन-तीन शतांश बोरिंगच्या हत्याराने काढायचे नाहीत, ते होनिंगच्या दगडांनी काढायचे. दगड फिरत वरखाली जातात आणि भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटते. ती जाळी म्हणजे तेल धरून ठेवायच्या बारीक पन्हळी. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला देखणा, पण त्यावर तेल ठरत नाही.

जुना बॅरल फारच खाल्लेला असेल तर आत नवी लोखंडी स्लीव्ह ठोकतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्यांमुळे ओतीव लोखंड म्हणजे काय, ते मराठी कारागिराला शिकवावं लागत नाही. लोखंडाची कणी घट्ट हवी, आत पोकळी नको आणि ओतल्यानंतर ते निवांत निवलेलं असावं. घाईने निवलेलं लोखंड पुढे बोअर वाकडा करतं.

खिडक्या: कागदावरचा ठसा

लॅम्ब्रेटाचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यात वाल्व नसतात. बॅरलच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टनच वरखाली होताना त्या उघडतो, झाकतो. एक खिडकी धूर बाहेर जाण्याची, एक नवा माल आत येण्याची आणि दोन माल खालून वर नेण्याच्या. क्रँकचा डबा पंपाचं काम करतो: पिस्टन वर जाताना हवा-पेट्रोल आत ओढलं जातं आणि खाली येताना तेच दाबून वर ढकललं जातं. या खिडक्या कधी उघडतात आणि किती वेळ उघड्या राहतात, यावर इंजिनाचा स्वभाव ठरतो.

त्या मोजायच्या कशा? लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटायचा, तसंच. जाड कागदाची गुंडाळी बॅरलच्या आत घट्ट बसवायची आणि तेलकट बोट खिडक्यांच्या कडांवरून फिरवायचं. कागद बाहेर काढून उलगडला की सगळ्या खिडक्यांचा नकाशा समोर येतो. आता त्यांची उंची पट्टीने मोजता येते आणि कुठे किती खायचं ते पेन्सिलीने आखता येतं.

धुराची खिडकी वरच्या अंगाने एक मिलिमीटर खाल्ली तर ५८ च्या चालीत ती क्रँकच्या चार-साडेचार अंशांनी जास्त काळ उघडी राहते. हे जास्तीचे अंश हवेत कशासाठी? मिनिटाला ५,००० फेऱ्यांना एक फेरी १२ मिलिसेकंदांची असते, ८,००० ला साडेसातची. धुराला बाहेर पडायला लागणारा वेळ मात्र फारसा बदलत नाही. वेळ कमी पडतो, म्हणून दार जास्त अंश उघडं ठेवावं लागतं.

पण इथे काही फुकट मिळत नाही. दार उंचावलं की पिस्टनवरचा दाब लवकर सुटतो आणि कमी फेऱ्यांवर इंजिन मिळमिळीत होतं. चौकातून उचल घ्यायची असेल तर असं इंजिन नकोसं वाटेल. सरळ धावेत मात्र गाडी खालच्या फेऱ्यांवर राहतेच किती वेळ? म्हणून वेगाचा मिस्त्री खालची सगळी ताकद बिनदिक्कत सोडून देतो.

रुंदीला मात्र मर्यादा आहे. खिडकी बोअरच्या दोन-तृतीयांशांहून रुंद झाली तर पिस्टनची रिंग बाहेर फुगून कडेला अडकते आणि मोडते. शिवाय कातून झालेल्या प्रत्येक खिडकीची कड बारीक कानशीने किंचित मारायची. कड न मारलेली खिडकी रिंगेला किसणीसारखी सोलते. शेवटी बॅरलचा तळ आणि क्रँककेसचं तोंड एकमेकांवर ठेवून दोन्हींतल्या वाटा जुळवायच्या. मध्ये अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली तरी वर चढणारा माल तिला ठेचकाळतो. लॅम्ब्रेटाची क्रँककेस म्हणजे इंजिन, चेन आणि गिअर यांना मिळून एकच ॲल्युमिनियमचं ओतकाम. मागचं चाकही त्यालाच धरलेलं. ते चुकून जास्त कापलं गेलं तर बदलायचा लहान भाग नसतो, अख्खं घर जातं.

हेड: सोल्डरची तार

हेड खाली उतरवून दाब वाढवायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती उतरवायचं, ते मोजूनच ठरवावं लागतं. आधी पोकळी मोजायची: पिस्टन वर आणून, प्लगचं भोक वर येईल असं इंजिन धरून, त्या भोकातून काचेच्या ब्युरेटने तेल सोडायचं आणि किती मावलं ते वाचायचं. १४८ सीसीच्या इंजिनात १६.४ सीसी मावलं तर दाबाचं प्रमाण दहास एक. हेडमधून अर्धा मिलिमीटर काढला तर पोकळी सव्वा सीसीने घटते आणि प्रमाण पावणेअकरापर्यंत जातं. ओतीव बॅरल आणि वाऱ्यावर थंड होणारं इंजिन असेल तर याच्यापुढे जाताना हात आखडता ठेवावा. दाब वाढला की उष्णता वाढते, आणि मग पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आपल्या मनाने पेटतं.

दुसरं मोजमाप पिस्टनच्या कडेचं. पिस्टन वर पोहोचतो तेव्हा त्याची कड आणि हेड यांत किती फट उरते? त्यासाठी सोल्डरिंगची मऊ तार प्लगच्या भोकातून थेट भिंतीपर्यंत आत सरकवायची आणि क्रँक हाताने एकदा फिरवायचा. तार चेपते. ती बाहेर काढून चेपलेला भाग मोजायचा. एक ते सव्वा मिलिमीटर आली तर ठीक. जास्त असेल तर कडेचा माल नीट जळत नाही. कमी असेल तर वरच्या फेऱ्यांना रॉड ताणला जाऊन पिस्टन हेडला टेकतो. चार आण्यांच्या तारेने होणारं हे मोजमाप कुठल्याही महागड्या यंत्राइतकं खरं बोलतं.

नळी: आवाजाचा पंप

१९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वाल्टर काडन यांनी टू-स्ट्रोकच्या धुराच्या नळीचं कोडं सोडवलं. नळी आधी पसरत जाते, मग एकदम आवळते, आणि शेवटी बारीक शेपूट. दार उघडताच निघालेली दाबाची लाट पसरत्या भागात शिरते तेव्हा मागे ओढ तयार होते आणि ती सिलिंडर रिकामा करायला मदत करते. पुढे तीच लाट आवळत्या भिंतीवर आपटून परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारा ताजा माल पुन्हा आत ढकलते. १९५१ मध्ये रोमोलो फेरीला ही नळी मिळाली नव्हती, त्याला कॉम्प्रेसर लावावा लागला. काडनची नळी म्हणजे एकही हलता भाग नसलेला कॉम्प्रेसर. १९६१ मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर पळून सुझुकीकडे गेला आणि ही विद्या जपानला पोहोचली.

तिची लांबी घरी काढता येते. दार १८० अंश उघडं आहे आणि इंजिन ८,००० वर आहे, तर दार पावणेचार मिलिसेकंद उघडं राहतं. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात १.८ मीटरहून थोडं जास्त. तिला जाऊन परत यायचं आहे, म्हणून आवळत्या भागापर्यंतचं अंतर त्याच्या निम्मं, सुमारे ९४ सेंटीमीटर. पत्र्याचे शंकू कापून, वळवून वेल्डिंग करायचे. दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे झालं की इंजिनाचा जोर शेदोनशे फेऱ्यांनी सरकतो.

दात, चाक आणि हवा

लॅम्ब्रेटाची चेन बाहेर दिसत नाही, ती केसच्या आत तेलात असते. क्लचच्या बाजूच्या चक्राला ४६ दात, इंजिनाच्या बाजूच्या चक्राला १५ ते १९. १६ दातांचं काढून १८ चं लावलं की त्याच फेऱ्यांत गाडी साडेबारा टक्के जास्त अंतर कापते, फक्त ते ओढायचं बळ इंजिनात हवं.

दहा इंची चाकाचा घेर साधारण १.३३ मीटर. १६० च्या वेगाला ते मिनिटाला २,००० वेळा फिरतं. बुलेटच्या मोठ्या चाकाला तोच वेग १,३०० फेऱ्यांत मिळतो. लहान चाक, म्हणून जास्त ताण. २०० च्या वेगाला त्या टायरच्या बाहेरच्या कडेवरच्या एका ग्रॅमचं वजन दीड किलोसारखं होतं. म्हणून टायर नवा, त्या वेगासाठी बनलेलाच हवा आणि जुना, सुंदर, मूळचा टायर भिंतीवर टांगायला ठेवावा.

शेवटची जुळणी हवेशी करायची असते. लखनौची जानेवारीची सकाळ सात-आठ अंशांची आणि मे महिन्याची दुपार बेचाळीसची. थंडीतली हवा सुमारे बारा टक्क्यांनी जास्त दाट असते, म्हणजे तेवढं जास्त पेट्रोलही तिच्यासोबत जायला हवं. मेमध्ये जमलेला जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, जानेवारीत इंजिनाला उपाशी ठेवतो. त्यात आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याला त्याच हवेत जास्त प्रमाण लागतं, म्हणून जेट आणखी एक पायरी मोठा.

बरोबर काय ते प्लग सांगतो. पूर्ण थ्रॉटलवर धाव घ्यायची आणि वेग तसाच असताना क्लच दाबून इंजिन बंद करायचं. थांबून प्लग काढायचा. आतली चिनी माती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी तपकिरी असेल तर जमलं. काळी, तेलकट असेल तर पेट्रोल जास्त. पांढरीफटक असेल, वर बारीक चकाकते ठिपके असतील, तर ते ठिपके वितळलेल्या पिस्टनचे असतात, आणि त्या दिवशी धाव तिथेच थांबवायची.

रस्ता

लखनौपासून आग्र्यापर्यंत ३०२ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आहे. त्यातल्या उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊजवळच्या पट्ट्यावर २०१६ मध्ये वायुदलाची लढाऊ विमानं उतरली होती. इतका सरळ रस्ता पाहून कुणाचाही हात शिवशिवेल. पण चालत्या रस्त्यावर केलेली धाव मोजली जात नाही, आणि समोरून आलेल्या म्हशीला वेगाचा घन समजावता येत नाही. बंद धावपट्टी, दोन्ही टोकांना माणसं, थांबायला मोकळी जागा, अग्निशामक आणि रुग्णवाहिका, एवढं जमलं तरच ही गोष्ट पुढे न्यायची.

आणि मग ती धाव. १६० च्या वेगाला एक किलोमीटर साडेबावीस सेकंदांत संपतो. स्वाराला तेवढ्यात फक्त हेल्मेटमधला आवाज आठवतो. आत मात्र क्रँकच्या ३,००० फेऱ्या होतात. पिस्टन ५८ मिलिमीटरच्या आपल्या रस्त्यावर ६,००० वेळा धावतो आणि प्रत्येक टोकाला पूर्ण थांबतो. बाहेर किलोमीटर होतो तेव्हा आत एकूण ३४८ मीटर चालणं झालेलं असतं.

त्यातल्या प्रत्येक थांब्याला टेबलावरचं कुठलं तरी मोजमाप कसाला लागतं. डायलवरचे दोन शतांश, कागदावरचा ठसा, चेपलेली तार. मिलानमध्ये आखलेलं ते माप सरोजिनीनगरच्या साच्यांनी जपलं, म्हणून आजही लखनौचा क्रँक मिलानच्या केसमध्ये बसतो. मिस्त्री त्या मापापासून शतांशांनीच दूर जातो, पण प्रत्येक शतांश मोजून जातो. दोन्ही दिशांच्या धावा झाल्यावर तो पुन्हा इंजिन खोलतो, क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवतो आणि सुई शून्यावर आणतो. क्रँक हाताने फिरवल्यावर ती पूर्वीइतकीच हलली, तर पुढच्या वेळी पुन्हा धाव घ्यायला हरकत नाही.